तापलेल्या गाडीची कैफियत

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजमार्ग धुळे शहर ओलांडून, सोनगीरचा किल्ला मागे टाकून उत्तरेकडे निघाला, की नरडाण्याच्या आसपास शिंदखेडा तालुक्यातून जातो. आणि चैत्र सरून वैशाख तापू लागला, म्हणजे येथपासून सावळद्याच्या तापीपुलापर्यंत, व पुढे शिरपूर आणि पळासनेर ओलांडून थेट बिजासनच्या घाटापर्यंत, बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या ठायी ठायी दृष्टीस पडतात. चालक घामाघूम होऊन हाती लागेल त्या बाटलीतले पाणी रेडिएटरात ओतीत असतो, बरोबरची मंडळी कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत खोळंबलेली असतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने आस्थेने विचारपूस केलीच, तर अहिराणीत ठरलेले उत्तर मिळते : ‘उन्हायामा गाडी तपसच.’ उन्हाळ्यात गाडी तापायचीच, ही समजूत या भागात इतकी रुजलेली आहे, की गाडी का तापली हा प्रश्न पुढे विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. शिंदखेडा, दोंडाईचा आणि नरडाणे येथील गॅरेजांतून हिंडल्यावर, आणि तेथील जाणत्या कारागिरांचे काम जवळून पाहिल्यावर, मला मात्र निश्चयाने असे म्हणावेसे वाटते, की ऊन हे गाडी तापण्याचे निमित्त आहे, कारण नव्हे. कारण इंजिनात खेळणाऱ्या पाण्यात दडलेले असते, आणि त्याचा तपास केल्यावाचून नुसते पाणी ओतीत राहणे म्हणजे दुखणे पोसणे होय.

हे विधान आकड्यांनी पडताळून पाहता येते. इंजिनाच्या पाण्याने आणलेली उष्णता हवेच्या हवाली करणे एवढेच रेडिएटरचे काम, आणि ही देवघेव किती वेगाने होईल हे मुख्यतः पाणी व हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा ३० अंशांवर असेल, तर अंतर ६५ अंशांचे. तीच हवा मे महिन्यातल्या खानदेशी दुपारी ४५ अंशांवर गेली, की अंतर ५० अंशांवर येते. म्हणजे रेडिएटरची जवळजवळ चतुर्थांश कुवत उन्हाने हिरावून घेतली. घट मोठी आहे खरी. परंतु गाड्या बनवणारे कारखानदार ती गृहीत धरूनच रेडिएटर थोरला ठेवतात, आणि भर दुपारी पाच माणसे, सामान व वातानुकूलन यांचा भार घेऊन चढ चढणारी निरोगी गाडीही या शिलकीच्या बळावर सुखरूप जाते. ही शिल्लक आतल्या आत कोणी खाल्ली असेल, नळ्यांत क्षार बसला असेल, झाकणाची स्प्रिंग ढिली पडली असेल, पंप पाझरत असेल, तर हिवाळ्यात त्याचा पत्ता लागत नाही. वैशाखात मात्र सारे एकदम उघडकीस येते, आणि दोष उन्हाच्या माथी जातो.

इंजिनाला पाणी लागते तरी कशासाठी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निर्माण होते तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच हिस्सा सायलेन्सरवाटे निघून जातो, आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरातील ज्वालेचे तापमान क्षणभर २,००० अंशांच्या पलीकडे जाते, आणि आजच्या बहुतेक मोटारींचे सिलिंडरांवरचे हेड ज्या ॲल्युमिनियमचे ओतलेले असते ते ६६० अंशांच्या सुमारास वितळते. या दोन आकड्यांच्या मध्ये भिंतीआड वाहणाऱ्या पाण्याचा काय तो आधार. १८८६ च्या जानेवारीत कार्ल बेंझ यांनी ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मागितले तिच्यात पाण्याची वाफ होऊन निघून जाणे हीच इंजिन थंड ठेवण्याची रीत होती. म्हणून १८८८ च्या ऑगस्टात त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, मोटारीने गेल्या तेव्हा वाटेत जागोजाग थांबून पाणी भरणे त्यांना भाग पडले. पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी पहिल्या मर्सिडीजसाठी प्रत्येकी ६ मिलीमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या जोडून रेडिएटर रचला, आणि थोडेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून मोठ्या इंजिनाची उष्णता काढता येते हे सिद्ध झाले. आज नरडाण्याच्या नाक्यावर पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला मनुष्य वस्तुतः बेर्थाबाईंच्या काळात परत गेलेला असतो. कारण त्याची गाडी पाणी फिरवणारी राहिलेली नसून पाणी पिणारी झालेली असते.

या रचनेतला सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. ते केवळ टोपण नव्हे. स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीचे काम ते करते. त्याच्या पोटातील स्प्रिंग आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत कोंडून धरते. अनेक मोटारींच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा बारचा आकडा कोरलेला आढळतो. मोकळ्यावर १०० अंशांना उकळणारे पाणी ०.९ बारच्या जादा दाबाखाली सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यात निम्मे ग्लायकॉल असेल तर ही मर्यादा १२५ अंशांच्याही पुढे सरकते. झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग बसली, की हा सारा बंदोबस्त नाहीसा होतो. पाणी लवकर उकळते, वाफ होऊन बाहेरच्या टाकीत आणि तेथून रस्त्यावर जाते, आणि कोठेही छिद्र नसताना गाडी ‘पाणी खाते’ अशी फिर्याद घेऊन मालक गॅरेजात येतो. ज्या भागाची किंमत साऱ्या दुरुस्तीत बहुधा सर्वांत कमी, तोच सर्वांत शेवटी तपासला जावा, याची मला खंत वाटते.

आता पाण्याविषयी. खानदेशची भूमी एकीकडे तापीकाठच्या खोल गाळाची आणि दुसरीकडे काळ्या खडकाची. विहिरी व विंधनविहिरी यांवर भिस्त असलेल्या गावांत जे पाणी मिळते ते बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांनी युक्त असते. असे पाणी तापले, की त्यात विरघळलेला क्षार चुनखडीच्या रूपाने बाहेर पडून सर्वांत गरम भिंतीवर चिकटतो. म्हणजे नेमका तेथेच, जेथे उष्णता ओलांडून जाणे सर्वांत अगत्याचे असते. या थराची उष्णता वाहून नेण्याची शक्ती तांब्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी, त्यामुळे नखभर जाडीचा थरही धातू आणि पाणी यांच्यात पडदा उभा करतो. पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाण्याची पाळी आणि वाटणी शतकानुशतके शिस्तीने सांभाळणाऱ्या या प्रदेशाला पाण्याची पारख शिकवण्याची गरज नाही. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि कोणत्या विहिरीच्या पाण्यात शिजत नाही, हे येथील गृहिणी अचूक सांगतात. तीच पारख गाडीच्या बाबतीत वापरली जात नाही, एवढेच.

कूलंट म्हणून जे हिरवे, तांबडे किंवा निळे द्रव्य विकत मिळते ते मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल, आणि त्यात गंज व झीज रोखणारी रसायने मिसळलेली असतात. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे शुद्ध पाणी असे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, या गुणाचा शिंदखेड्यात काहीच उपयोग नाही, आणि म्हणूनच ‘आपल्याकडे बर्फ कोठे पडतो’ असे म्हणून पुष्कळ जण ते टाळतात. परंतु या मिश्रणाचा उत्कलनबिंदू चढतो आणि धातूला गंजापासून अभय मिळते, हे दोन्ही लाभ येथल्या हवेत मोलाचे आहेत. तयार मिश्रण आणि दाट कूलंट या दोन निराळ्या वस्तू होत. दाट कूलंटात पाणी घालायचे ते बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटरच असावे, आणि रंग जुळला म्हणून दोन जातींची कूलंटे एकमेकांत ओतू नयेत, कारण रंग हा विक्रेत्याच्या सोयीचा आहे, आतल्या रसायनाची हमी देणारा नव्हे.

शिंदखेड्याच्या एका गॅरेजात पाहिलेला तपास येथे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण चांगल्या कारागिराची बुद्धी कशी चालते ते त्यातून प्रत्यक्ष दिसते. तापीकाठच्या एका गावाहून कापूस व पपई पिकवणारे एक वयस्क शेतकरी आपली दहा-बारा वर्षांची पेट्रोल मोटार घेऊन आले होते. घरात लग्न होते, वऱ्हाड शहाद्याला न्यावयाचे होते, आणि गाडी दोन दिवसांआड लिटर-दीड लिटर पाणी पीत होती. त्यांची तक्रार एका वाक्याची होती : ‘मिस्तरी भाऊ, रोज पानी टाकस, पन पानी जास कथा? खाले तं टिपूस बी पडत नही.’ त्यावर मिस्त्रींनी हत्याराला हात न लावता उत्तर दिले : ‘आबा, पहिले देखसूत, मंग खोलसूत.’ आधी पाहू, मग खोलू, हा त्यांचा शिरस्ता. आणि पुढल्या दोन तासांत तो त्यांनी तंतोतंत पाळला.

पहिली गोष्ट ही, की त्यांनी आबांची जबानी घेतली. गाडी तापते ती दोंडाईच्याच्या बाजारात, मिरचीच्या गाड्यांच्या गर्दीत अडकल्यावर, की मोकळ्या हमरस्त्यावर वेगात असताना? आबांनी सांगितले, की बाजारात तापमानाचा काटा मध्यावर राहतो, पण नरडाण्याहून पुढे वेग घेतला आणि चढ लागला की तो वर सरकतो. हा प्रश्न दिसायला साधा, परंतु अर्धा निवाडा त्यातच झाला होता. उभ्या किंवा रांगत्या गाडीला वारा मिळतो तो पंख्याचा, तेव्हा केवळ गर्दीत तापणाऱ्या गाडीचा पंखा, त्याचा फ्यूज, रिले किंवा तापमानावर चालणारा स्विच यांवर संशय घ्यावा. वेगात वारा आपोआप मिळतो, म्हणून वेगात तापणाऱ्या गाडीत पाण्याचे वाहणेच कोठेतरी खुंटलेले असते. पंखा त्यांनी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

गाडी आदल्या संध्याकाळपासून गॅरेजातच उभी असल्याने इंजिन रात्रभर थंडावलेले होते, म्हणून झाकण उघडण्यास हरकत नव्हती. आतले पाणी विटकरी रंगाचे निघाले, बोट फिरवताच झाकणाखालच्या कडेला खरखरीत पांढुरका थर लागला, आणि झाकणाचे रबर नखाने दाबले तरी दबत नव्हते. मग त्यांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. पाणी तेलात उतरले असते तर तेल दुधाळ झाले असते. ते काळे पण स्वच्छ होते. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का याची वाट पाहिली. हेडखालचे पॅकिंग फुटले असेल तर सिलिंडरातला वायू पाण्यात शिरून सतत बुडबुडे उठतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, आणि थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा टणक होतो. यांपैकी काहीच घडले नाही. अधिक खातरजमेसाठी त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर एक काचनळी धरली. तिच्यातल्या निळ्या द्रावातून पाण्यावरची हवा ओढली जाते, आणि तिच्यात सिलिंडरातला कार्बन डायऑक्साइड असेल तर द्राव पिवळा पडतो. तो निळाच राहिला, आणि आबांच्या चेहऱ्यावरची चिंता तेवढी उतरली, कारण हेड खोलावे लागणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते.

यानंतर दाबाची परीक्षा. झाकणाच्या जागी हातपंप व दाबमापक असलेले तोंड बसवून त्यांनी ०.९ बारपर्यंत हवा भरली आणि घड्याळ पाहून दहा मिनिटे स्वस्थ बसले. काटा जागचा हलला नाही. उतावळ्या माणसाने येथे गाडी निर्दोष ठरवली असती. मिस्त्री म्हणाले, थंड गाडी खरे बोलली नाही, तिला तापवून विचारू. इंजिन तापून पंखा दोनदा फिरून बंद होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग इंजिन बंद करून, हात जाड गोणपाटात गुंडाळून, पंपाचे तोंड पुन्हा बसवले. या खेपेस काटा सावकाश, पण निश्चित, खाली येऊ लागला. त्यांनी टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांड्याचा लहान आरसा घेऊन वॉटर पंपाच्या पोटाखाली धरला, आणि मला वाकून पाहायला सांगितले. पंपाच्या आसाखाली जे मुद्दाम ठेवलेले बारीक छिद्र असते, ज्याचा उपयोग आतले सील गेल्याची वर्दी देण्यापुरताच, त्याच्या ओठावर एक थेंब जमत होता. भरला की निसटून खालच्या तापलेल्या धातूवर पडे, चुर्र होई, आणि जमिनीपर्यंत पोचण्याआधीच वाफ होऊन जाई. छिद्राखाली पांढऱ्या-तांबूस क्षाराची एक वाळलेली धार उमटलेली होती. आबांचे पाणी कोठे जात होते, याचा उलगडा त्या धारेने केला.

येथे थांबूनही चालले असते, परंतु गाडी वेगात का तापते याचे उत्तर पाझरत्या सीलाने पूर्ण मिळत नव्हते. मिस्त्रींनी लांबून तापमान सांगणारे यंत्र रेडिएटरच्या जाळीवर रांगेने फिरवले. वरच्या भागाचे आकडे नव्वदीच्या घरात, आणि खालचा एका बाजूचा पट्टा तीस-पस्तीस अंशांनी थंड. थंड पट्टा म्हणजे तेथल्या नळ्यांतून पाणीच जात नव्हते. मग थर्मोस्टॅटचे घर उघडले, तर ते रिकामे! पूर्वी कोणीतरी ‘गाडी तापते’ म्हणून तो काढून टाकलेला होता. या एका उपायाविषयी मला थोडे कठोर बोलावेसे वाटते, कारण तो फार प्रचलित आहे. थर्मोस्टॅटमधील मेण ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरून ते लवकर कामाच्या तापमानास येते. तो काढला तर थंडीच्या सकाळी इंजिन दीर्घकाळ गार राहून इंधन जास्त जाळते आणि त्याची झीज वाढते. इतकेच नव्हे, तर काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाट बंद करतो, आणि त्याच्या अभावी गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरकडे न जाताच माघारी फिरतो. तापणे थांबवण्यासाठी योजलेला उपाय तापण्यालाच हातभार लावतो, तो असा.

झाकणाखेरीज तीन दोष हाती आले, पण त्यांचे मूळ एकच. जड पाण्याचा क्षार आणि गंजाची बारीक कचकच पंपाच्या सीलातल्या गुळगुळीत चकत्या घासत राहिली, सील पाझरू लागले, पाणी कमी झाले म्हणून पुन्हा विहिरीचे जड पाणी पडले, त्याने नळ्या बुजल्या, गाडी तापली, तापली म्हणून थर्मोस्टॅट गेला. प्रत्येक वेळी ओतलेले पाणी पुढच्या बिघाडाची तजवीज करीत होते.

वेळीच न आवरलेल्या तापाचा शेवट कोठे होतो, तेही सांगितले पाहिजे. ॲल्युमिनियम तापून वाढते ते बीडाच्या सुमारे दुप्पट. म्हणून बीडाच्या ब्लॉकवर बोल्टांनी आवळलेले ॲल्युमिनियमचे हेड मर्यादेबाहेर तापले, की त्याला पसरायला जागा मिळत नाही, ते वाकते, आणि पॅकिंग जळून सिलिंडर, पाणी व तेल यांच्या वाटा एकमेकींत मिसळतात. अशा हेडवर पोलादी पट्टी ठेवून फटीत पातळ पाती घालून बाक मोजतात. पुष्कळ इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलीमीटरहून अधिक बाक चालत नाही. मग हेड खोलून धुळ्यासारख्या शहरातल्या यंत्रावर ‘फेसिंग’ करून आणावे लागते, नवे पॅकिंग आणि बहुधा नवे बोल्ट घालून ते ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या जोराने आवळावे लागते. काटा लाल पट्टीत गेल्यावर ‘पुढच्या गावापर्यंत तरी जाऊ’ असा हिशेब करणारा मनुष्य चार-पाच किलोमीटरांत हा सारा खर्च ओढवून घेऊ शकतो.

म्हणून वाटेत काटा चढू लागला, तर एसी तत्काळ बंद करावा आणि हीटर पूर्ण जोरात लावावा. वैशाखात हे ऐकून मंडळी चकित होतात, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डाआड बसवलेला दुसरा लहान रेडिएटरच होय, आणि जागा पाहून थांबेपर्यंत तो बरीच उष्णता काढून घेतो. थांबल्यावर इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. दाबाखाली न उकळलेले पाणी दाब जाताच क्षणात वाफ होऊन उसळते, आणि चेहरा व हात भाजतात. दरसाल उन्हाळ्यात किती चालक असे पोळून घेत असतील, या कल्पनेने अंगावर काटा येतो. वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवल्यावरच झाकण उघडावे, आणि तेव्हाही पाणी एकदम न ओतता थोडे थोडे ओतावे, कारण तापलेल्या धातूवर गार पाण्याचा लोट आला तर तो तडकतो. गाडीखाली पाणी दिसताच घाबरूनही जाऊ नये. एसी चालू असता डाव्या बाजूला टपकणारे बिनरंगी, बिनवासाचे पाणी हे हवेतील आर्द्रतेचे असते. कूलंट हाताला बुळबुळीत लागते आणि गोडसर वास देते.

तात्पुरत्या उपायांत हळदीची ख्याती जुनी आहे. रेडिएटरात मूठभर हळद टाकली, की तिचा कण छिद्राशी जाऊन बसतो आणि गळती थांबते. अडल्या वेळी, निर्जन रस्त्यावर, तिने गाड्या घरी आणल्या आहेत हे मी नाकारीत नाही. पण हळदीला छिद्र कोणते आणि नळी कोणती हे कळत नाही, आणि जी नळ्यांत बसते ती पुढे निघत नाही. बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवणाऱ्या पुड्या व बाटल्या यांचीही तीच कथा.

रेडिएटर दुरुस्त करणारांचा धंदा मात्र डोळ्यांदेखत पालटला. जुन्या जीपगाड्यांचे, ट्रकांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. ते उतरवून, तोंडे बंद करून, आत हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवायचे, बुडबुडा जेथून निघेल तेथे खूण करायची, आणि ती जागा खरवडून डाखाने झाळायची. नळ्या तुंबल्या असतील तर वरची टाकी सोडवून एकेका नळीतून पातळ पट्टी फिरवायची. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सोनगीर ज्या प्रदेशात आहे, तेथे या धातूंशी हाताची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची; त्या ओळखीवर हे काम निर्वेध चाले, आणि एक रेडिएटर गाडीचा जन्म काढी. आता मोटारींचे रेडिएटर ॲल्युमिनियमच्या जाळीचे व प्लॅस्टिकच्या टाक्यांचे येतात. ते हलके आहेत, स्वस्त आहेत, परंतु त्यांना डाख धरत नाही, आणि प्लॅस्टिक उन्हातापाने ठिसूळ होऊन कडेला चिरले, की बहुधा बदलण्यावाचून गत्यंतर नसते. दोंडाईच्यातल्या एका वयोवृद्ध कारागिराने हौदाशेजारी ठेवलेला झाळण्याचा तांब्याचा ठोकळा मला दाखवला. ट्रॅक्टरचे रेडिएटर अजून येतात, तोवर तो तापतो, असे ते म्हणाले.

आबांच्या गाडीत नवा पंप, नवे गॅसकेट, नवा रेडिएटर, योग्य अंशाचा थर्मोस्टॅट आणि योग्य दाबाचे झाकण बसले. जुने होज पाइप दाबून पाहिले. खालचा एक आतून मऊ पडलेला निघाला, आणि तसला पाइप वेगात पंपाच्या ओढीने चपटा होऊन पाणी अडवू शकतो, म्हणून तोही बदलला. इंजिनाची कुशी स्वच्छ पाण्याने, ते निवळ येईपर्यंत, धुतली. मग डिस्टिल्ड वॉटर व कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सावकाश भरले. यातली शेवटची पायरी घाईत हटकून राहते : आत कोंडलेली हवा काढणे. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला, तर तेवढा भाग पाण्यावाचून तापतो आणि नवे सामान घालूनही गाडी पुन्हा गरम होते. गाडीचे तोंड थोडे उंच करून, हीटर चालू ठेवून, झाकण उघडे टाकून मिस्त्रींनी इंजिन चालवले. वरचा पाइप एकाएकी गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पाण्याची पातळी ढुबकन खाली गेली, ती त्यांनी भरली, आणि बुडबुडे पुरते थांबल्यावरच झाकण लावले. नंतर नरडाण्यापर्यंत फेरी झाली, भर दुपारी, एसी लावून; काटा मध्याच्या रेषेवरून हलला नाही.

काढलेले जुने पाणी त्यांनी गटारात न सोडता झाकणाच्या कॅनमध्ये भरून बाजूला ठेवले, याची नोंद मी आवर्जून करतो. अशा पाण्यात जुन्या कूलंटाचा अंश असू शकतो, आणि इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व पोटात गेल्यास घातक. सुमारे १०० मिलीलिटर शुद्ध ग्लायकॉल मोठ्या माणसाचा प्राण घेण्यास पुरते, आणि लहान मूल, कुत्रे किंवा शेळी यांना त्याहून कितीतरी थोडे. ते मूत्रपिंडे निकामी करते. जेथे गॅरेजासमोरच्या डबक्यात गावची जनावरे तोंड घालतात, तेथे हे द्रव्य उघड्यावर ओतणे हा अपराध समजला पाहिजे, आणि उरलेले कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत घरी नेऊन ठेवणे त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, आबा पुन्हा आले. बाहेरच्या टाकीतली पातळी वरच्या व खालच्या रेषांच्या बरोबर मध्ये होती. मिस्त्रींनी कूलंट घातल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवली, पातळी दर रविवारी सकाळी पाहावी व कमी दिसली तर पाणी न घालता गाडी आधी दाखवायला आणावी असे बजावले, आणि आबा वऱ्हाडाच्या तयारीला लागले.